घाटात मागून लागणारं इंजिन

(कर्जत स्थानक. पावसाळी सकाळ. पुण्याकडे निघालेली गाडी फलाटावर उभी.)

कर्जतला गाडी थांबली की निम्मे प्रवासी वडापाव घ्यायला उतरतात. तेवढ्यात शेवटच्या डब्याला हलकासा धक्का बसतो. बँकर लागले! बँकर म्हणजे गाडीला मागून रेटणारी जादा इंजिनं. इथून लोणावळा 28 किलोमीटर, आणि मध्ये बोरघाट. 1863 साली इथून रेल्वे सुरू झाली. घाटातल्या खड्या टप्प्यात दर 37 मीटरला रूळ 1 मीटर वर चढतात.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण हजार टनांची गाडी धरा. तिच्या वजनाचा सदतिसावा हिस्सा, म्हणजे साधारण 27 टनांइतकं बल, तिला सतत मागे कर्जतकडे ओढत असतं.

(चाक आणि रूळ, अगदी जवळून. ओला रूळ चमकतोय.)

इंजिनात ताकद कितीही असो, ती रुळापर्यंत पोचते ती इथून. पोलादी चाक, पोलादी रूळ, आणि दोघांमधली पकड. सव्वाशे टनांचं इंजिन कोरड्या रुळावर आपल्या वजनाच्या पाव हिश्शाइतकं, म्हणजे तीसेक टनांइतकं बल लावू शकतं. पाऊस पडला की पकड सुटते, चाक जागच्या जागी गरगरतं. म्हणून इंजिन चाकापुढे वाळू सोडतं. तरीही एकट्याच्या जिवावर घाट चढणं धोक्याचंच.

मग जादा इंजिनं पुढेच का नाही जोडत? कारण सगळी ओढ पुढच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या कडीवर येते. मागून रेटा दिला की ते ओझं वाटलं जातं, आणि एखादं कपलिंग तुटलंच, तरी मागचे डबे घरंगळत नाहीत.

(गाडी बोगद्यातून बाहेर येते. वेग एकसारखा.)

आता नीट बघा. पुढची-मागची सगळी इंजिनं जीव तोडून काम करतायत, आणि गाडीचा वेग मात्र ना वाढतोय, ना घटतोय. वर रेटणारं बल आणि खाली ओढणारं बल बरोबरीत आहेत. न्यूटननं 1687 साली मांडलं ते हेच: बल लागतं ते वेग किंवा दिशा बदलायला. बलं संतुलित असली की आहे तो वेग टिकतो. शाळेत आपण हे गुळगुळीत टेबलावरच्या ठोकळ्यावर शिकतो. मला विचाराल, तर नववीचा वर्ग एकदा या गाडीत बसवावा.

आणि तोल गेला तर? याच उतारावर ब्रेकविना सुटलेली गाडी, घर्षण बाजूला ठेवलं तर, एका मिनिटात ताशी 57 किलोमीटरवर पोचेल. दुसऱ्या मिनिटाअखेर 114.

(घाटातलं मंकी हिल. मुख्य मार्गापासून फुटून डोंगराकडे चढत गेलेला एक रूळ.)

म्हणून हा फाटा. कॅच सायडिंग. पुण्याहून उतरणारी गाडी घाटात मध्येच थांबते आणि डब्यात कुरकुर सुरू होते. पण ती उगाच थांबलेली नसते. सांधा, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारी जोडणी, आधीपासून या चढत्या रुळाकडेच लावलेला असतो. गाडी थांबली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत, हे पटल्यावरच तो मुख्य मार्गाकडे फिरतो. न थांबणारी गाडी सरळ या चढावर जाते, आणि मघाशी तिला खाली ओढणारं तेच वजन आता तिचा वेग खाऊ लागतं.

(सिग्नल हिरवा. गाडी हलते.)