हंगामी वसतिगृहासाठी सीएसआर निधी: अर्ज लिहिण्याआधी काय तयार हवे?

नमस्कार. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या अनेक गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, आणि ज्यांना सांभाळायला घरी आजी-आजोबा नाहीत अशी मुले शाळा अर्ध्यावर टाकून आईवडिलांबरोबर फडावर जातात. या मुलांना गावातच ठेवून घेणारे हंगामी वसतिगृह सुरू करावे, असे अनेक महिला मंडळांना आणि छोट्या सेवाभावी संस्थांना मनापासून वाटते. अडते ते पैशांपाशी. अशा संस्थांना कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून, म्हणजे ज्याला सगळे सीएसआर म्हणतात त्यातून, अनुदान मिळवायला मदत कशी करावी, याविषयी आज बोलू. तुम्ही संस्थेचे पदाधिकारी असा, गावातले शिक्षक असा किंवा अर्ज लिहून देणारे कार्यकर्ते असा, हे सगळे तुमच्या उपयोगाचे आहे.

आधी कायदा थोडक्यात पाहू. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एका तरी मर्यादेला पोहोचतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. शिक्षण हा विषय या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे, त्यामुळे वसतिगृहाचे काम त्यात बसते. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या संस्था साहजिकच पहिला अर्ज साखर कारखान्याकडे घेऊन जातात. इथे एक भेद लक्षात ठेवावा. सहकारी साखर कारखाना ही सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था असते, कंपनी नसते. म्हणून कलम १३५ तिला लागू होत नाही आणि तिच्याकडे सीएसआरचा हक्काचा निधी नसतो. कारखाना स्वेच्छेने मदत करू शकतो, पण तो अर्ज वेगळ्या पद्धतीने लिहावा लागतो. खासगी साखर कारखाना मात्र कंपनी असतो, आणि नफ्याची किंवा उलाढालीची मर्यादा गाठत असेल तर त्याच्याकडे सीएसआरसाठी जरूर जावे.

आता कागदपत्रांकडे येऊ. सीएसआरचे पैसे घेणारी संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत संस्था किंवा कलम ८ खालील, म्हणजे नफा वाटून न घेणारी सेवाभावी, कंपनी असावी लागते, तिच्याकडे आयकर खात्याची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन्ही प्रमाणपत्रे असावी लागतात, आणि तिला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. त्याशिवाय, १ एप्रिल २०२१ पासून कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घेणेही आवश्यक झाले आहे. आयकराच्या प्रमाणपत्रांना मुदत असते आणि ती संपण्याच्या किमान सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा असतो, ही तारीख सचिवांनी स्वतःच्या डायरीत लिहून ठेवावी. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, पण कंपन्यांच्या अर्जांत १२ए आणि ८०जी हीच नावे अजून बराच काळ दिसतील.

बचत गट किंवा नुकतेच स्थापन झालेले तरुण मंडळ या अटींत बसत नाही. त्यांनी खोटा अनुभव दाखवण्याच्या फंदात कधीही पडू नये. जिल्ह्यातली एखादी जुनी, नोंदणीकृत संस्था अर्जदार आणि मंडळ हे गावपातळीवर काम पाहणारे सहकारी, अशी रचना करता येते. फक्त कोण काय करणार आणि पैसे कोणाच्या खात्यातून खर्च होणार, हे दोघांनी आधीच लेखी ठरवून घ्यावे.

सगळ्यांत जास्त अर्ज कुठे अडकतात, तर धर्मादाय कार्यालयातल्या फेरफार अर्जापाशी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत तो बदल कळवायचा असतो. प्रत्यक्षात काय होते? जुने अध्यक्ष वारलेले असतात, त्यांच्या जागी सभेत नवे निवडलेले असतात, ठराव इतिवृत्ताच्या वहीत असतो, पण परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, अजून जुनीच नावे असतात. कंपनीचा अधिकारी परिशिष्ट एकचा उतारा मागतो, त्यावरची नावे आणि अर्जावर सही करणाऱ्याचे नाव जुळत नाही, आणि काम कितीही चांगले असले तरी फाइल बाजूला पडते. म्हणून कोणत्याही संस्थेला मदत करायला बसलात की प्रस्तावाचा कागद हातात घेण्याआधी हा उतारा मागवा. फेरफार मंजूर व्हायला वेळ लागतो, आणि तो निधीची जाहिरात आल्यावर भरून काढता येत नाही.

यानंतर प्रत्यक्ष प्रस्ताव. ‘ग्रामीण भागात शिक्षणाची दुरवस्था आहे’ असल्या वाक्यांनी सुरू होणारे प्रस्ताव मी पुष्कळ वाचले आहेत आणि ते सगळे सारखेच दिसतात. वाचणाऱ्याला देशाची परिस्थिती माहीत असते. तुमच्या गावाची नसते. ती माहिती गावातच असते. शाळेच्या हजेरीपत्रकात जुलै महिन्याची हजेरी पाहा, जानेवारीची पाहा, आणि कोणती नावे गळाली ते उतरवून घ्या. ग्रामपंचायतीत आणि टोळ्या नेणाऱ्या मुकादमांकडे विचारा की गावातून किती कोयते गेले, म्हणजे किती जोडपी गेली, त्यांनी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, केव्हा घेतली आणि टोळी कोणत्या कारखान्यावर गेली. उचल घेतल्याचा महिना फार महत्त्वाचा आहे, कारण मूल मागे ठेवायचे की बरोबर न्यायचे याचा निर्णय आईबाप बहुधा त्याच सुमारास करतात, आणि तुमच्या कार्यकर्तीने घरी जाऊन बोलण्याची वेळही तीच असते. मुलांची यादी कंपनीला देताना नावे झाकावीत. इयत्ता, वय, मुलगा की मुलगी, आणि घरी कोण आहे एवढे पुरते. असे एक पान दहा पानांच्या वर्णनापेक्षा अधिक खरे बोलते, आणि अर्ज लिहून देणाऱ्याचे मुख्य काम, माझ्या मते, भाषा सजवण्याचे नसून हे पान संस्थेकडून तयार करून घेण्याचे आहे. शासनाच्या वसतिगृह योजना आहेत, मग तुमची गरज काय, असा प्रश्न नक्की येईल. त्याचे उत्तर जवळचे शासकीय वसतिगृह किती अंतरावर आहे, तिथे कोणत्या इयत्तेपासून प्रवेश मिळतो आणि तुमच्या यादीतली किती मुले त्यात बसत नाहीत, अशा ठोस शब्दांत द्यावे.

[पडद्यावर अंदाजपत्रकाचा तक्ता]

आता अंदाजपत्रक. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. तुमच्या बाजाराचे भाव तुम्हीच घालायचे. समजा ४० मुले आहेत आणि हंगाम १५० दिवसांचा आहे. शाळेच्या दिवशी दुपारचे जेवण शालेय पोषण आहारातून मिळते, म्हणून नाश्ता, रात्रीचे जेवण आणि सुट्टीच्या दिवसाची दुपार मिळून सरासरी ६० रुपये रोज धरले, तर ३,६०,००० रुपये होतात. दोन स्वयंपाकिणींना महिना ८,००० रुपयांप्रमाणे पाच महिन्यांचे ८०,०००, मुक्कामी राहणाऱ्या अधीक्षिकेला महिना १०,००० रुपयांप्रमाणे ५०,०००, आणि हिशेब लिहिणाऱ्याला वर्षभर महिना ३,००० रुपयांप्रमाणे ३६,०००. एकूण ५,२६,००० रुपये, म्हणजे एका मुलामागे एका हंगामाला १३,१५० रुपये. हा शेवटचा आकडा प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहा, कारण कंपनीच्या सीएसआर समितीतला माणूस त्यावरूनच तुलना करतो.

हिशेबनिसाचे मानधन पाहून अनेक पदाधिकारी म्हणतात की हे काढून टाका, कंपन्या पाच टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च देत नाहीत. हा गैरसमज संस्थांचे फार नुकसान करतो. नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चाला आहे. एखादा विशिष्ट प्रकल्प आखणे, राबवणे, त्यावर देखरेख ठेवणे यासाठी थेट होणारा खर्च त्या व्याख्येतच येत नाही. एखादी कंपनी आपल्या धोरणाने वेगळी मर्यादा घालू शकते आणि ती पाळावीच लागते, पण विचारण्याआधीच आपण होऊन कार्यकर्तीचा पगार शून्य लिहिणे योग्य नाही. तो शून्य लिहिला की रात्री आजारी मुलाला घेऊन तालुक्याला जाणारी अधीक्षिका फुकट राबते, आणि दुसऱ्या वर्षी ती येत नाही.

वेळापत्रकाची अडचण याहून मोठी आहे. कंपनीचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, वार्षिक कृती आराखडा सीएसआर समितीने सुचवायचा आणि संचालक मंडळाने मंजूर करायचा. मुले मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. गणपतीनंतर अर्ज दिला तर पैसे येईपर्यंत वसतिगृह बंद करण्याची वेळ येते. म्हणून आराखडा ठरण्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, चालू हंगामातली परिस्थिती दाखवून पुढच्या हंगामासाठी बोलणी सुरू करावीत. कायद्यात ‘चालू प्रकल्प’ अशी सोय आहे, ज्यात सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत काम नेता येते आणि त्या वर्षी न खर्चलेली रक्कम कंपनी वेगळ्या खात्यात राखून ठेवते. वसतिगृहासारख्या दरवर्षी लागणाऱ्या कामाचा प्रस्ताव बहुवार्षिकच मांडावा.

मंजुरी मिळाल्यावर सामंजस्य करार समोर येतो आणि आनंदाच्या भरात तो न वाचता सही होते. त्यातले हप्त्यांचे कलम मात्र नीट वाचा. दुसरा हप्ता सहसा पहिल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्यावर मिळतो. ते सनदी लेखापालाकडून तयार व्हायला आणि कंपनीकडून तपासून व्हायला वेळ जातो, आणि किराणा दुकानदार तेवढे थांबत नाही. पहिला हप्ता टोळ्या निघण्याआधी यावा आणि त्यात निदान जानेवारीअखेरपर्यंतचा धान्य-किराणा बसावा, असे करारातच लिहून मागा. प्रकल्पाची खातेवही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा, म्हणजे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्राचे कागद लेखापालाच्या टेबलावर पोहोचतील.