विमानाच्या दारामागची जागा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: विमानात लोक लवकर चढावेत आणि वेळ आलीच तर सगळे जिवंत बाहेर पडावेत, यासाठी दार कसं असावं. शेवटी मी तीन सूचना मांडणार आहे. त्याआधी एक मुद्दा पटवायचा आहे, कारण तो पटला नाही तर सूचना ऐकून उपयोग नाही. विमानात माणसं दारात अडत नाहीत, दाराच्या अलीकडच्या दीड मीटरमध्ये अडतात. जुन्या वाड्यात दिंडीतून वाकून आत आलं की लगेच माजघर लागत नाही, मध्ये देवडी असते. चार माणसं एकदम आली तरी तिथे सामावतात. विमानाला अशी देवडी फार कंजूषपणे दिली जाते. गॅली म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, स्वच्छतागृह आणि आसनांची आणखी एक रांग, या तिघांचा तिच्यावर डोळा असतो.

इथे माझ्या डाव्या हाताला पुठ्ठ्याची एक चौकट उभी केली आहे. ती काय आहे ते जाताजाता सांगेन.

आधी साधा हिशेब करू. एअरबस ए-३२० हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं विमान. पुढे दोन दारं, मागे दोन दारं आणि पंखांवर दोन्ही बाजूंना दोन-दोन खिडकीवजा मार्ग. नियमात प्रत्येक आकाराच्या दाराला माणसांचा कोटा ठरलेला आहे. ए-३२०च्या मोठ्या दारांची एक जोडी ५५ प्रवाशांसाठी, पंखावरच्या मार्गांची एक जोडी ३५ प्रवाशांसाठी. ५५ अधिक ५५ अधिक ३५ अधिक ३५, झाले १८०. या विमानाची मूळ कमाल मर्यादा नेमकी १८०च होती. पुढे सुधारणा होऊन ती १९५ झाली. विमानात किती आसनं बसवता येतील हे केबिनच्या लांबीइतकंच दारंही ठरवतात, एवढं यातून लक्षात घ्या.

आता हा कोटा पाळला जातो की नाही ते तपासतात कसं? ४४हून जास्त आसनांच्या विमानातले सगळे जण, कर्मचारी धरून, ९० सेकंदांत जमिनीवर आले पाहिजेत. १९६५ साली अमेरिकेत हा नियम आला तेव्हा मुदत १२० सेकंदांची होती, १९६७ मध्ये ती ९० वर आणली. अंधार करायचा, वाटेत उशा, पांघरुणं, पिशव्या पसरायच्या आणि निम्मीच दारं वापरायची. कुठली निम्मी, ते आत बसलेल्यांना आधी सांगायचं नाही. मार्च २००६ मध्ये हॅम्बुर्गला ए-३८०ची अशी चाचणी झाली. सोळापैकी आठ दारांतून ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर आली. त्या चाचणीत एकाचा पाय मोडला, हेही सांगायला हवं.

निम्मी दारं म्हणजे प्रत्येक जोडीतलं एक. म्हणजे ए-३२०च्या एका मोठ्या दारातून दीड मिनिटात ५५ माणसं गेली पाहिजेत. त्यातले दहाएक सेकंद दार उघडून स्लाइड, म्हणजे उतरायची घसरगुंडी, फुगण्यात जातात. उरलेल्या वेळात मिनिटाला चाळीस माणसं झाली. त्याच दारातून बोर्डिंगच्या वेळी मिनिटाला किती जातात? दहा-बारा. दार तेच, माणसं तीच, वेग चौपट कमी. तेव्हा बोर्डिंग रखडतं म्हणून दार रुंद करा, असं कुणी म्हणालं तर त्याला सातव्या रांगेपाशी नेऊन उभं करा. तिथे एक गृहस्थ वाटेत उभे राहून वरच्या कप्प्यात बॅग आडवी बसते की उभी, ते बघत असतात. मधली वाट खांद्याच्या उंचीला फक्त ५१ सेंटीमीटर असली तरी नियमात बसते. त्यांना ओलांडून कोण जाणार?

लोकलचा डबा आठवा. दाराशी बाक नसतात. दोन्ही बाजूंच्या दारांच्या मध्ये मोकळा चौक आणि दारात मधोमध खांब. खांबामुळे गर्दीचे आपोआप दोन प्रवाह होतात. अर्ध्या मिनिटाच्या थांब्यात एवढी माणसं चढतात-उतरतात ती त्या चौकाच्या जोरावर.

थोडं दाराच्या यंत्रणेकडे वळतो, कारण प्रश्न हमखास येतो: उडत्या विमानात कुणी दार उघडलं तर? उंचावर आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला सुमारे आठ पौंडांनी जास्त असतो. दाराचं क्षेत्रफळ साधारण दीड चौरस मीटर. म्हणजे दार आठ टनांच्या आसपास जोराने चौकटीतल्या थांब्यांवर दाबलेलं असतं. हाताने ते हलत नाही. जमिनीवर मात्र ते एका माणसाला सहज उघडता आलं पाहिजे, आणि खरी कसरत तिथेच असते. दाराच्या पोटात स्लाइडची घडी असते, तिच्या टोकाला एक आडवी दांडी. ही दांडी जमिनीतल्या खाचांत अडकली की दार ‘आर्म’ झालं. मग दार उघडताच दांडी स्लाइड बाहेर खेचते, बाटलीतला वायू सुटतो, तो बाहेरची हवाही ओढून घेतो आणि स्लाइड फुगते. ए-३२०मध्ये दार आर्म करणं एक खटका खाली केला की होतं. बोइंग ७३७मध्ये केबिन क्रूला वाकून ती दांडी स्वतःच्या हाताने खाचांत बसवावी लागते आणि दाराच्या छोट्या खिडकीवर लाल पट्टी आडवी लावावी लागते. पुढच्या वेळी ‘क्रॉस चेक’ ऐकू आलं की काय तपासलं जातंय ते कळेल.

आता मँचेस्टर. या घटनेला मी जास्त वेळ देणार आहे, कारण दाराबद्दलचं बहुतेक सगळं शहाणपण तिथून आलंय. २२ ऑगस्ट १९८५ची सकाळ. ब्रिटिश एअरटूर्सचं बोइंग ७३७, १३१ प्रवासी, ६ कर्मचारी, जायचं होतं ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावर. धावपट्टीवर वेग घेताना डाव्या इंजिनाचा ज्वलनकक्ष फुटला, तुकडा पंखाखालच्या इंधनटाकीच्या झाकणावर बसला, इंधन सांडलं आणि पेटलं. उड्डाण रद्द झालं. विमान उजवीकडे वळून थांबलं, आणि डावीकडून येणाऱ्या मंद वाऱ्याने आग थेट विमानाच्या अंगावर लोटली. विमान हवेत गेलेलंच नव्हतं. आदळलंही नव्हतं. सगळे धडधाकट जागेवर बसलेले होते. तरी ५५ माणसं गेली, बहुतेक धुराने.

का? पुढचं उजवं दार उघडायला घेतलं तर स्लाइडच्या पेटीचं झाकण चौकटीत अडकलं. ते सोडून डावं दार उघडलं, मग पुन्हा उजव्याकडे. उजवं उघडेपर्यंत विमान थांबून मिनिटावर वेळ गेला होता. पंखावरच्या मार्गापाशी एक बाई बसल्या होत्या, त्यांच्या शेजारच्या प्रवाशाने हात लांबवून दांडा ओढला. ती हॅच, म्हणजे त्या मार्गाचं झाकण, आत उघडणारी, सुटी, सुमारे २२ किलोची. ती बाईंच्या मांडीवर आली आणि त्या खाली अडकल्या. मागच्या प्रवाशाने ती उचलून बाजूला टाकली तेव्हा वाट झाली. पाऊण मिनिट असं गेलं. भरलेलं भाताचं पोतं मांडीवर घेऊन, धुरात, शेजारच्याला वाट करून देण्याची कल्पना करा.

आणि पुढच्या दारांकडे जाताना दोन्ही बाजूंना गॅलीच्या भिंती होत्या. त्यांच्यामधला गाळा होता ५७ सेंटीमीटर. तिथे माणसं एकमेकांत अडकून बूच बसल्यासारखी थांबली. केबिन क्रूने त्यातल्या एकाला धरून ओढलं आणि प्रवाह सुटला. आता हे ऐका: त्या प्रकारच्या दाराकडे जाणाऱ्या वाटेला नियमाने लागत होते २० इंच, म्हणजे ५१ सेंटीमीटर. गाळा नियमापेक्षा रुंदच होता. प्रमाणपत्रात काहीच चूक नव्हती!

मग ब्रिटनमधल्या क्रॅनफिल्ड विद्यापीठात संशोधक हेलन म्युअर यांनी प्रयोग केले. त्यांचा मोठेपणा हा, की लोक चाचणीत शिस्तीने वागतात आणि आगीत तसे वागत नाहीत, हे त्यांनी मोजमापात आणलं. जे पहिल्या निम्म्यात बाहेर येतील त्यांना जादा पाच पौंड. एवढ्याने रांग मोडली, लोक आसनांवरून उड्या मारू लागले. अरुंद गाळ्यांत माणसं अडकली, गाळा ७६ सेंटीमीटरपर्यंत वाढवला तसा निचरा सुधारला. दार तेवढंच होतं. बदलली ती त्याच्या अलीकडची जागा.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा सूचना भराभर सांगतो.

पहिली, दाराची जागा. चढायचं दार अगदी टोकाला असलं की सगळी रांग एकाच वाटेने जाते. पुढून पाव अंतरावर असलं तर आत आल्यावर दोन फांद्या होतात. बोइंग ७५७मध्ये असं दार होतं. ए-३२१लाही पंखापुढे दुसरं दार होतं. नव्या मांडणीत ते काढून टाकता येतं, पंखावर मार्ग देता येतात आणि आसनं वाढतात. मला हा बदल पटत नाही. दार हलवता येत नसेल तर दोन्ही टोकं वापरा. ऑगस्ट २०२२ मध्ये इंडिगोने पुढून दोन आणि मागून एक अशा तीन रॅम्पवरून उतरवायला सुरुवात केली. १३-१४ मिनिटांचं काम ७-८ मिनिटांवर येईल असं त्यांनी सांगितलं. चढण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जेसन स्टेफन यांच्या ७२ प्रवाशांच्या प्रयोगात गट पाडून चढवायला जवळजवळ सात मिनिटं लागली, खिडकीकडून आत येत आणि एकाआड एक रांग सोडत चढवलं तर ३ मिनिटं ३६ सेकंद. आपल्याकडे कुटुंबं एकत्र चढणार, त्यामुळे तो क्रम जसाच्या तसा चालणार नाही. पण खिडकीवाले आधी, एवढं नक्की जमेल.

सोव्हिएत आयएल-८६मध्ये तर प्रवासी विमानाच्याच जिन्याने खालच्या मजल्यावर येत, सामान तिथल्या फळ्यांवर ठेवत आणि मग वर जात. रांगेतून बॅग काढून टाकण्याचा इतका थेट विचार क्वचितच कुणी केला असेल. पण सुटकेची दारं वर वेगळी होती, आणि धुरात माणसाचे पाय आल्या वाटेकडेच वळतात. चढायचं दार आणि सुटकेचं दार शक्यतो एकच असावं, असं मी म्हणतो ते यासाठी.

दुसरी, देवडी. प्रत्येक मोठ्या दारामागे ७६ सेंटीमीटरपेक्षा अरुंद काही नको, दार कुठल्याही प्रकारचं असो. एक दार निकामी झालं तर समोरच्याकडे वळायला आडवी वाट हवी. २०२४च्या २ जानेवारीला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए-३५० पेटलं तेव्हा आठपैकी तीनच दारं वापरता आली, तरी ३७९ माणसं बाहेर पडली. दुबईत २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमहून गेलेलं बोइंग ७७७ आदळलं तेव्हा त्याच्या काही स्लाइड वाऱ्याने उचलल्या, आणि लोक बॅगा घेऊन निघाले. ‘निम्मी दारं चालतील’ हे गृहीतक दर वेळी खरं ठरत नाही.

तिसरी, पंखावरची हॅच. ७३७च्या नव्या पिढीत ती वरच्या बिजागरीवर बाहेर उघडते, हातात वजन येत नाही. ए-३२०मध्ये ती अजून सुटी आहे, साधारण १५ किलोची, उचलून बाहेर फेकायची. ती बिजागरीवर आलीच पाहिजे.

आणि ही चौकट. ५१ सेंटीमीटर रुंद, ९१ उंच, खालचा काठ जमिनीपासून ५० सेंटीमीटरवर: अशा मोठ्या प्रवासी विमानांत नियमाला चालणारा पंखावरचा सगळ्यात लहान मार्ग. आधी पाय, मग अंग, शेवटी डोकं. जाताना एकदा यातून निघून बघा, आणि मागच्या माणसाला वेळ मोजायला सांगा.