अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट नोटरी केलं की झालं? | जून महिन्याच्या गप्पा

नमस्कार मंडळी, जून संपला एकदाचा. पुण्यात भाड्याच्या घरांचं काम करणाऱ्याला विचारा जून म्हणजे काय ते, शाळा सुरू, कॉलेजच्या ॲडमिशन, आयटीवाल्यांचं जॉइनिंग, आणि सगळ्यांना घर त्याच आठवड्यात पाहिजे, ते पण मेट्रोपासून चालत जाता येईल असं. पावसात टेम्पो गेटवर उभा, गादी भिजतीये, आणि वॉचमन म्हणतो सेक्रेटरी फोन उचलत नाहीत, सोसायटीच्या परवानगीच्या लेटरशिवाय सामान आत जाणार नाही. त्या बिचाऱ्याची पण चूक नाही म्हणा, त्याला वरून सांगितलेलं असतं.

घर कसं बघायचं, टोकन, डिपॉझिट, हे तुम्हाला माहितीये. नळ सोडून बघा, मोबाइलला रेंज बघा, डिपॉझिट कॅशमध्ये देऊ नका, झालं. आज मला बोलायचंय ते ॲग्रीमेंटवर, कारण मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट त्याच आहेत, "दादा अकरा महिन्यांचंच आहे, मग रजिस्टर कशाला, नोटरी चालेल ना?"

नाही चालत. महाराष्ट्रात नाही चालत.

हे अकरा महिन्यांचं खूळ आलं कुठून, तर १९०८ च्या रजिस्ट्रेशन कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचं लीज रजिस्टर करावं लागतं, म्हणून लोकांनी एक महिना कमी केला. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, ३१ मार्च २००० पासून लागू आहे, त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, आपण भाड्याचं ॲग्रीमेंट म्हणतो ते, लेखी पाहिजे आणि रजिस्टर्ड पाहिजे. अकरा महिने, सहा महिने, तीन वर्षं, मुदतीचा तिथे संबंधच नाही. आणि रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या महिन्यात एक घरमालक काका आले होते, रिटायर्ड, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्या वर्षांची ॲग्रीमेंट लावून ठेवलेली, प्रत्येक पानावर नोटरीचा जांभळा शिक्का. म्हणाले, "अहो इतकी वर्षं करतोय, कधी काही झालं नाही." मी म्हटलं काका, भाडेकरू चांगले मिळाले म्हणून झालं नाही. उद्या वाद झाला, तुम्ही म्हणालात भाडं वीस हजार ठरलं होतं आणि तो म्हणाला पंधरा, तर रजिस्टर्ड कागद नसताना कायदा आधी त्याचं म्हणणं खरं धरतो, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. कलम ५५ मध्येच लिहिलंय हे. काकांनी फोल्डर हळूच बंद केलं.

आता उलट्या बाजूने बघा. मुदत संपली आणि माणूस घर सोडत नाही. रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स असेल तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, घर परत मिळवायला अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर तो जितका राहील तितक्या काळाचे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट पैसे मागता येतात. नोटरीवाल्याने तिथे जाऊन काय दाखवायचं, शिक्का?

आणि पैशाचं म्हणाल तर ऐका. स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के, एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर. महिना वीस हजार, डिपॉझिट पन्नास हजार, अकरा महिने, तर ड्युटी सहाशेच्या आत बसते, वर शहरात हजार रुपये रजिस्ट्रेशन फी. तुमच्या नोटरीला आता शंभरचा स्टॅम्प चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो, वर नोटरीची फी. म्हणजे वाचवताय किती? हजारभर रुपयांसाठी काही लाखांचं... काही कोटींचं घर अंधारात ठेवताय. मला खरंच राग येतो याचा.

लोक म्हणतात ऑफिसला खेटे कोण घालणार. ऑनलाइन होतं हो, माणूस बोटांचे ठसे घ्यायचं मशीन घेऊन घरी येतो. अडतं कुठे माहितीये, अंगठ्यावर. एका घरमालक आजींचा अंगठा काही केल्या मॅच होईना, आयुष्यभर भांडी घासून रेषाच पुसट झालेल्या. कोमट पाण्याने हात धुतला, क्रीम चोळलं, एकेक बोट लावत लावत डाव्या हाताचं मधलं बोट लागलं, तोवर भाडेकरू पोराने आजींचा वायफाय पण नीट करून दिला. त्याच आजींच्या सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या दिवशी "बॅचलर नकोत" म्हणून पन्नास मेसेज पडले होते.

त्यावरून आठवलं, एका सोसायटीने घर भाड्याने दिलं म्हणून मालकाला मेंटेनन्स डबल लावला. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते पैसे, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. सर्व्हिस चार्जेसच्या, पूर्ण बिलाच्या नाही! कमिटीवाल्यांनो, तुम्ही पण बघता हा चॅनेल, मला माहितीये, कारण वर्गणी मागायला बरोबर फोन येतो तुमचा. वर्गणी देतो मी, त्याचं काही नाही.

एका भावाने लिहिलंय "ब्रोकर फुकटचे पैसे खातात". खाणारे आहेत, नाही म्हणत नाही. चाव्या दाखवून एका महिन्याचं भाडं घ्यायचं आणि ॲग्रीमेंटला नोटरीकडे पाठवायचं, अशांना खुशाल देऊ नका.

शेवटची कमेंट, "मुदत संपली, भाडेकरू तोच आहे, जुन्याच ॲग्रीमेंटवर पेनाने तारीख वाढवून दोघांनी सह्या केल्या तर?" ताई, नवीन करायचं. नवीन ड्युटी, नवीन अंगठे, नवीन कॉपी सोसायटीला. आणि ते मुदत संपायच्या आधी करा, नंतर नाही.