पंपाच्या पोटातलं पाणी

(दृश्य: केमिकल रिॲक्टरची साइट ग्लास, म्हणजे आत बघायची काच)
काचेआड उकळतंय ते टोल्युईन, एक सॉल्व्हंट, म्हणजे माल विरघळवणारा द्रव. हवेच्या नेहमीच्या दाबाला ते ११० अंशांवर उकळतं. इथे दाब आहे १०० मिलिबार, म्हणून ४५ अंशांच्या आसपासच उकळी फुटलीय. उष्णतेने बिघडणारा माल असाच वाचवतात. हा दाब उतरवणारा पंप मात्र शेडच्या मागे असतो. तिकडेच जाऊ.

(दृश्य: पारदर्शक झाकणाचा पंप)
हा वॉटर रिंग पंप. नीट बघा, इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, मधोमध नाही, एका अंगाला सरकवलाय. फिरू लागला की पाणी बाहेर फेकलं जातं आणि केसिंगला धरून त्याचं कडं बनतं. पात्यांमधली पोकळी एका बाजूला मोठी होते, वाफ ओढते. पुढे आक्रसते आणि वाफ बाहेर ढकलते. थोडं द्रव आत आलं तरी याचं काही बिघडत नाही. जुन्या फिटरांचा याच्यावर जीव असतो, तो उगाच नाही.

पण पाणीही उकळतंच. ३० अंशांच्या पाण्याचा स्वतःचा बाष्पदाब ४२ मिलिबार, म्हणजे दाब एवढा उतरला की ते उकळू लागतं. त्याच्या खाली हा पंप ओढणार काय, तर स्वतःचंच पाणी! पाणी तापलं की ‘व्हॅक्यूम येत नाही’ अशी ओरड होते, पंप खोलला जातो, आत काही सापडत नाही.

आता ही ड्रेनची नळी. मिथेनॉलसारखा सॉल्व्हंट पाण्यात मिसळला की परत मिळायचं सोडून ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटकडे निघतो. पंपाच्या किमतीत हा खर्च कुणी धरत नाही. वाफेच्या झोताने ओढणाऱ्या स्टीम इजेक्टरमध्ये हलणारा एकही भाग नसतो, पण त्याच्याही वाफेचं शेवटी मळकं पाणीच होतं.

(दृश्य: उघडलेला ड्राय स्क्रू पंप)
दोन स्क्रू. एकमेकांत गुंतलेले, तरी एकमेकांना न शिवणारे. टोकाचे गिअर त्यांना अंतरावर धरून ठेवतात. फिटर फीलर गेजची पातळ पट्टी मधून सरकवतोय. फट मिलिमीटरचा अंशच. दाबाच्या जागेत ना पाणी, ना तेल. १ मिलिबारच्याही खाली जाता येतं आणि वाफ थंड करून द्रव करणाऱ्या पुढच्या कंडेन्सरमध्ये सॉल्व्हंट पाण्याविना हाती लागतो.

आत गरम असतं, म्हणून वाफ कशाची हे आधी विचारायचं. ईथर १६० अंशांवर ठिणगीशिवाय पेटतो. बॅच संपली की इनलेट बंद करून ऑपरेटर नायट्रोजन सोडतो आणि पंप थोडा वेळ तसाच फिरू देतो. हे टाळलं तर चिकट थर बसून स्क्रू जाम होतात.