बेडूक ओरडायच्या आधी: संशोधन-प्रवासाच्या अनुदानाचा अर्ज

[दृश्य: रात्र. डबक्याच्या काठावर नर बेडूक, गळ्याखालची स्वरपिशवी फुगलेली. आवाज वाढत जातो.]

काही बेडकांचा हंगाम जेमतेम तीन आठवड्यांचा असतो. मोठा पाऊस पडला की नर डबक्यावर जमतात, ओरडतात, माद्या येतात, अंडी पडतात. पुढे वर्षभर सगळं चिडीचूप. अनुदानाच्या अर्जाची अंतिम तारीख संस्था ठरवते, पण कामाची तारीख ठरवतो बेडूक.

म्हणून तारखा हंगामापासून उलट मोजत यायच्या. हंगाम जूनमध्ये असेल, तर तिकिटं आणि सामान एप्रिलमध्ये घ्यावं लागतं. त्यासाठी निकाल मार्चपर्यंत हवा. अर्ज बंद झाल्यावर समित्या सहज दोन ते चार महिने घेतात, म्हणजे अर्ज नोव्हेंबरमध्ये गेलेला असला पाहिजे आणि शिफारसपत्रासाठी गाईडला ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. निकालाच्या आधी केलेला खर्च बरीच अनुदानं भरून देत नाहीत, त्यामुळे ‘आधी तिकीट काढू, पैसे मागून येतील’ हा हिशेब अंगाशी येतो. जाहिरात मार्चमध्ये दिसली, तर अर्ज सरळ पुढच्या वर्षीच्या हंगामासाठी लिहावा.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर अर्जाचा कोरा नमुना.]

परिषदेत पोस्टर लावायला मिळणारा प्रवासखर्च आणि संशोधनासाठीचा प्रवासखर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दुसऱ्याबद्दल बोलतोय. त्यातही पैशांची दारं निरनिराळी. सिग्मा झाय ही संस्था 1922 पासून विद्यार्थ्यांच्या संशोधनाला छोटी अनुदानं देते. हार्वर्डच्या म्युझियम ऑफ कंपॅरेटिव्ह झूऑलॉजीची अर्न्स्ट मायर अनुदानं प्राण्यांच्या वर्गीकरणासाठी संग्रहालयांतले नमुने पाहायला जाणाऱ्यांसाठी आहेत. दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन तंत्र शिकायचं किंवा एकत्र काम करायचं असेल, तर द कंपनी ऑफ बायोलॉजिस्ट्सच्या ट्रॅव्हलिंग फेलोशिप आणि एम्बोची (युरोपातली रेण्वीय जीवशास्त्राची संस्था) विनिमय अनुदानं आहेत. चुकीच्या दारावर चांगला अर्ज नेला तरी तो परतच येतो. पात्रतेच्या अटी आधी वाचाव्यात. काही संस्थांना अर्जाच्या दिवशी तुम्ही त्यांचे सभासद असावे लागता.

आता समिती काय शोधते? एकच गोष्ट: गेल्याशिवाय हे काम होणारच नाही का?

याचं उत्तर पहिल्या परिच्छेदात हवं. ‘या प्रजातीबद्दल फारशी माहिती नाही’ हे उत्तर नव्हे. माहिती नसलेल्या प्रजाती अगणित आहेत. ‘हाकेचा वेग पाण्याच्या आणि हवेच्या तापमानानुसार बदलतो, उपलब्ध ध्वनिमुद्रणांत तापमान नोंदवलेलं नाही, शरीराची लांबीही नाही, म्हणून ती तुलनेला चालत नाहीत’ हे उत्तर आहे. परीक्षक बेडकांचा जाणकार असेलच असं नाही, बुरशीवर किंवा माशांवर काम करणाराही असू शकतो. हे वाक्य त्यालाही कळतं.

[दृश्य: संग्रहालय. लांब कप्पे, चिठ्ठ्या बांधलेल्या पक्ष्यांच्या रांगा.]

संग्रहालयाच्या भेटीला हा प्रश्न जास्तच टोचतो. नमुने उसने मागवता येतात, हजारो नमुन्यांची छायाचित्रं घरबसल्या दिसतात, मग जायचं कशाला? कारण सांगता यायला हवं. ज्या नमुन्यावरून प्रजातीचं वर्णन झालं, तो होलोटाइप बहुतेक संग्रहालयं टपालाने पाठवत नाहीत. चोचीची खोली किंवा पंखाची लांबी छायाचित्रावरून विश्वासाने मोजता येत नाही.

इथे वेळेचा हिशेब अर्जात मांडला की तो एकदम भक्कम दिसतो. एका पक्ष्याची सहा मापं, चिठ्ठीवरची नोंद आणि छायाचित्र मिळून सुमारे 12 मिनिटं. दिवसाला हाताशी लागणारे कामाचे तास सहा, म्हणजे 30 नमुने. 120 नमुन्यांना चार दिवस. पाचवा दिवस त्यातलेच 30 नमुने पुन्हा मोजायला, म्हणजे मोजणाऱ्याच्या हाताची चूक किती ते कळतं. संग्रहालय शनिवार-रविवारी बंद असेल, तर ते दोन दिवस राहण्याच्या खर्चात धरायचे की नाहीत, हेही तिथेच लिहायचं. डीएनएसाठी पायाच्या तळव्याचा तुकडा कापायचा असेल, तर त्याची परवानगी वेगळी मागावी लागते आणि ती भेटीच्या आधी मिळालेली हवी. जुन्या कातड्यांना आर्सेनिक लावलेलं असू शकतं, म्हणून हातमोज्यांची ओळ बजेटमध्ये धरावी.

[दृश्य: पुन्हा डबकं. वहीत नोंदी करणारा हात.]

मैदानी कामात हाच हिशेब रात्रींचा होतो. एक नर शोधायचा, पाच मिनिटं ध्वनिमुद्रण, मग पकडून लांबी, वजन, तापमान. कागदावर 20 मिनिटं. चार तासांत 12 व्हायला हवेत, पण प्रत्यक्षात सहा-सात होतात, कारण पाय वाजला की आजूबाजूचे सगळे गप्प बसतात. सहा डबकी, प्रत्येकी 10 नर. डबक्याला दोन रात्री, एकूण 12. त्याशिवाय चार रात्री जास्तीच्या, कारण कोरड्या रात्री कुणी ओरडत नाही. 16 रात्री. हा आकडा आता कुणी कापायला निघाला, तर त्याला कारण शोधावं लागेल.

डबकी सहाच का, एकाच मोठ्या डबक्यावर 60 नर का नाहीत? प्रवास वाचला असता. अनेक अर्ज इथेच घसरतात. प्रश्न दोन अधिवासांतल्या फरकाचा असेल, तर एका डबक्यातले 60 नर हे 60 स्वतंत्र पुरावे नसतात. त्या डबक्याचा जो काही विशेष असेल तो साठांनाही लागू असतो. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन हे नाव दिलं आणि तेव्हापासून परीक्षक ती हुडकतात. म्हणजे जास्त ठिकाणी जाणं ही चैन नसून प्रयोगाची गरज आहे. प्रवासाचे पैसे मागायला याहून चांगलं कारण नाही, आणि तरी बहुतेक जण ते लिहायचं विसरतात.

बजेटमध्ये गोल आकडे टाळायचे. तिकिटाचा दर कोणत्या दिवशी पाहिला ते लिहायचं. राहणं, जेवण, स्थानिक वाहन, व्हिसा, विमा, परवान्यांची फी, बँकेचे हस्तांतरणाचे पैसे, यजमान प्रयोगशाळा जागेचं भाडं घेत असेल तर तेही. बेडकागणिक नवा हातमोजा आणि डबकं बदलताना बूट निर्जंतुक करायचं रसायन या दोन छोट्या ओळी परीक्षकाला बरंच काही सांगतात. उभयचरांना मारणाऱ्या कायट्रिड बुरशीचं वर्णन 1999 मध्ये झालं. ती एका पाण्यातून दुसऱ्यात नेणारा माणूस तुम्ही नसाल, एवढं त्या ओळींतून कळतं. लॅपटॉप, कॅमेरा, पगार, शिक्षणशुल्क हे बहुतेक प्रवास-अनुदानांत बसत नाही. एकूण खर्च अनुदानाच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर उरलेले पैसे कुठून येणार ते एका ओळीत सांगायचं. नाहीतर समितीला वाटतं, हा प्रवास अर्ध्यावरच अडकणार.

[दृश्य: छोट्या कुप्या, पेटी, त्यावरची लेबलं.]

नमुने परत आणायचे असतील तर कागदांची रांग लागते: पकडण्याचा परवाना, प्राण्यांच्या हाताळणीची नैतिक मंजुरी, जागामालकाची संमती, निर्यात, आयात. धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा साइट्स करार 1973 चा, अंमल 1975 पासून. यादीतल्या प्रजातीचं पीस किंवा रक्ताचा थेंबही त्यात मोडतो. नोंदणीकृत वैज्ञानिक संस्थांमधल्या बिगरव्यापारी देवाणघेवाणीला त्यात सवलत आहे, ती आपल्याला लागू होते का हे संस्थेत विचारावं. जनुकीय सामग्रीवर देशाचा हक्क मानणारा नागोया करार 2010 मध्ये संमत झाला आणि 2014 पासून लागू आहे. परवाना हातात नसेल, तर अर्जात ‘अर्ज केला आहे’ आणि तारीख लिहायची. ‘परवाना मिळेलच’ असं लिहू नये.

वाहतुकीचीही ओळ हवी. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) घेऊन विमानात बसायचं असेल तर विमान कंपनीची मंजुरी लागते आणि मर्यादा माणशी अडीच किलोची. पेटीला वायू बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. अल्कोहोलमधल्या संसर्गरहित नमुन्यांसाठी हवाई वाहतुकीच्या नियमांत सवलत आहे: एका कुपीत 30 मिलीलिटरपर्यंत, बाहेरच्या पेटीत एकूण एक लिटरपर्यंत, ठरलेल्या पॅकिंगसह. वनस्पतींवर काम करणाऱ्यांचं सोपं आहे. पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये वाळवला की डीएनएसाठी बहुतेक वेळा पुरतो.

पत्रं दोन लागतात. यजमानाचं पत्र ‘येण्यास हरकत नाही’ इतकंच नको. तारखा, बसायची जागा, कोणतं उपकरण किती दिवस मिळेल, हे त्यात असावं. गाईडच्या पत्रात ‘हा प्रवास प्रयोगशाळेच्या चालू अनुदानातून होऊ शकत नाही’ हे वाक्य असलं तर मोठं काम होतं. त्यासाठी गाईडला अर्जाचा कच्चा मसुदा, बजेट आणि अंतिम तारीख एकाच मेलमध्ये द्यावी, किमान तीन आठवडे आधी.

शेवटचा दिवस दगा देतो. पोर्टलवरची मध्यरात्र कुठल्या देशातली आहे ते बघा. संदर्भांची यादी पानांच्या मर्यादेत मोजली जाते का, फाईलचा आकार किती चालतो, पत्र लिहिणाऱ्याला वेगळी लिंक जाते का. ती लिंक कधीकधी अर्ज जमा केल्यावरच जाते, म्हणजे तुम्ही वेळेत असता आणि पत्र उशिरा पोचतं.

[दृश्य: टेबलावर बिलं, बोर्डिंग पास, फोनने काढलेले त्यांचे फोटो.]

पैसे मिळाले तरी ते बऱ्याचदा नंतर मिळतात, बिलं दाखवून. तोपर्यंत खिशातून घालावे लागतात, म्हणून विभागाकडून आगाऊ रक्कम मिळेल का हे निघायच्या आधी विचारावं. थर्मल कागदावरची शाई उडते. बिल हातात पडलं की त्याच दिवशी फोटो काढायचा, मागे खर्चाचं कारण लिहायचं. अहवालात ठरवलेले 60 नर आणि मिळालेले 47 असतील, तर 47 च लिहायचे, आणि किती रात्री कोरड्या गेल्या तेही.