मंगळवारचा खेळ

(व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘स्वतंत्र चित्रपटांचं अर्थकारण’. ते बोलणार आहेच. पण आधी मला २०२५ च्या मार्चमधली एक सकाळ सांगू द्या, कारण त्या सकाळीच हा विषय माझ्या डोक्यात बसला.

‘स्थळ’ लागला होता. जयंत सोमलकरांचा. किती जणांनी पाहिलाय? हात वर करा बघू. चार, पाच... मागे कुणीतरी पंखा वाढवायला हात केलाय, तो मी मोजत नाही. हं, म्हणजे पाच. आणि ही कोल्हापुरातली सिनेमाप्रेमी मंडळी! ‘स्थळ’ म्हणजे मुलगी दाखवण्याची गोष्ट. पाट, पोहे, ‘उंची किती’, ‘शिक्षण किती’. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात चित्रित झालेला, गावातल्याच माणसांना घेऊन केलेला. टोरोंटोच्या महोत्सवात २०२३ साली त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला.

तर एका मल्टिप्लेक्समध्ये, नाव घेत नाही, त्याला दिवसाला एकच खेळ दिलेला. सकाळी साडेनऊ! ज्या वेळी निम्मं गाव कामाच्या वाटेवर असतं आणि बायकांचा स्वयंपाक आवरायचा असतो, ती ही वेळ. आम्ही मैत्रिणी पाच जणी गेलो. खिडकीपाशी एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी उभे होते. गारगोटीहून पहाटेच्या एसटीनं आलेले. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, “खेळ कॅन्सल झालाय मॅडम. दहा तिकिटं झाल्याशिवाय लावत नाहीत.”

मी म्हटलं, सात आहोत, उरलेली तीन मी घेते. त्यानं वर फोन केला. मुलगा भला होता हो, त्याच्यावर माझा राग नाही. वरून उत्तर आलं की तो पडदा आता दुसऱ्या सिनेमाच्या जादा खेळाला दिलाय. त्या गृहस्थांनी विचारलं, “मग पुन्हा कधी?” तर म्हणे, ॲपवर बघा. त्यांच्या हातात बटणांचा फोन. आम्ही सगळे समोरच्या गाड्यावर चहा प्यायलो. मुलगी फारसं बोलत नव्हती. कप ठेवताना एवढंच म्हणाली, “मी ट्रेलर अकरा वेळा बघितलाय.”

पुढच्या शुक्रवारी सिनेमा उतरला. कारण विचारलं तर म्हणाले, प्रतिसाद नाही. अहो, प्रतिसाद द्यायला पन्नास किलोमीटरवरून माणूस आला होता, त्याला तुम्ही चहा पाजून परत पाठवलंत! चहाही आम्हीच पाजला.

आणि हे कुठल्या शहरात? जिथे बाबूराव पेंटरांनी स्वदेशी कॅमेरा घडवला, १९२० साली ‘सैरंध्री’ केला. जिथे १ जून १९२९ ला ‘प्रभात’ फिल्म कंपनी सुरू झाली. ती १९३३ मध्ये पुण्याला गेली, त्याचं दुःख आपले आजोबा करत होते, आपण अजून करतो. मला त्यापेक्षा आत्ताच्या पडद्याचं दुःख जास्त आहे. ‘श्वास’ आठवतो? २००४ साली तो ऑस्करला निघाला तेव्हा प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली. म्हणजे आपल्या माणसांचा हात आखडता नाही. प्रेक्षक आहे. त्याला सोयीची वेळ मिळत नाही, एवढंच. २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठीसाठी ‘प्राइम टाइम’ राखायला सांगितलं. वाद झाला, आणि शेवटी प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ असं ठरलं. दुपारी बारा! त्याच महिन्यात ‘कोर्ट’ लागला होता, व्हेनिसला दोन पुरस्कार घेऊन आलेला, राष्ट्रीय पुरस्काराचा सर्वोत्कृष्ट...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग मुद्द्यावर येते, भराभर सांगते.

माझं मागणं जास्त खेळांचं नाही. सात दिवस रोज साडेनऊला, म्हणजे सात खेळ झाले. हेच सात खेळ मला सात मंगळवारी संध्याकाळी द्या. पोस्टर, जाहिरात या सिनेमांना परवडत नाही. त्यांचा सगळा भार तोंडी सांगण्यावर. एकीनं पाहिला, तिनं जावेला सांगितलं, जावेनं शाळेतल्या बाईंना. याला आठ दिवस लागतातच. आणि आठव्या दिवशी सिनेमाच गेलेला असतो.

थिएटरवाले म्हणतील, परवडत नाही. ऐका. २००९ च्या निर्मात्यांच्या संपानंतर हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात जी वाटणी ठरली, तिच्यात निर्मात्याचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग ४२.५, मग ३७.५, चौथ्यापासून ३०. म्हणजे सिनेमा जितका टिकेल तितका दर तिकिटामागे थिएटरचा वाटा वाढतो. मराठीत प्रत्येकाचा करार वेगळा असेल, पण तत्त्व हेच वापरता येईल. आणि मंगळवारी संध्याकाळी खुर्च्या तशाही रिकाम्याच असतात.

दुसरी अडचण प्रिंटची सांगायचे. ती रिळांच्या काळात खरी होती. एकेक प्रिंट हजारो रुपयांची, एका गावात अडकली की दुसऱ्याला मिळायची नाही. आता सिनेमा कुलूपबंद फाइल म्हणून येतो आणि त्याची डिजिटल किल्ली ठरलेल्या थिएटरला, ठरलेल्या मुदतीपुरती मिळते. किल्ली सात मंगळवारांची मागता येते.

तिसरं, आणि हे आपल्यावर आहे. फिल्म सोसायटीनं तिकिटं आगाऊ विकायची. पन्नास माणसांनी सात मंगळवारांतला आपला एकेक आज नक्की केला, तर दर खेळाला सात तिकिटं आधीच झाली, उरली तीन. दाराशी वही ठेवली आहे, जाताना नाव आणि मंगळवार लिहा.

वेळ मात्र साडेपाचची हवी, हा माझा हट्ट आहे. थिएटरवाले साडेसात म्हणतायत. साडेपाचचा खेळ साडेसातला सुटला, तर गारगोटीची एसटी मिळते.