घाटमाथ्याची पेठ: जुन्नर

मंडळी, जुन्नर म्हटलं की शिवनेरी आणि १९ फेब्रुवारी १६३०, इथंच गाडी थांबते. साहजिकच आहे. पण शिवनेरीच्या पोटात लेणी कोरली गेली तेव्हा शिवजन्माला अजून दीड हजार वर्षं अवकाश होता, आणि त्या लेण्यांचा खर्च उचलला तो बाजारानं. आज बोलायचं ते त्या बाजाराविषयी.

गावाच्या पश्चिमेला साधारण तीस किलोमीटरवर नाणेघाट. खाली वैशाखरे, टोकावडे, मुरबाड करत वाट कल्याणच्या बंदराला जाते. घाट अरुंद आणि पायऱ्यापायऱ्यांचा, तिथं गाडी चालणं शक्यच नाही. माल चढायचा तो बैलांच्या पाठीवरच्या गोणींतून. लादलेल्या बैलाला माथ्यापासून जुन्नर म्हणजे दोन मुक्काम. माथ्यावर पावसाळ्यात उभं राहणं मुश्कील. जुन्नरला कुकडी नदीच्या काठी मात्र सपाट जमीन, धान्य आणि बारमाही पाणी. त्यामुळे गोणी उतरायच्या, विकायच्या, परत भरायच्या त्या इथं.

घाटातल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. यज्ञ कोणते केले, दक्षिणा किती दिली, याची ती यादीच. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी. त्यात २४,४०० एवढा आकडा येतो आणि तोही शून्याशिवाय, कारण वीस हजार, चार हजार आणि चारशे यांच्या खुणा वेगवेगळ्या आहेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता जेमतेम पावलं उरलीत, वरची नावं मात्र वाचता येतात. बाहेरचा दगडी रांजण जकातीचा, असं प्रत्येक वाटाड्या सांगतो. असेलही. पण नागनिकेच्या लेखात रांजणाचा शब्दही नाही, तेव्हा ते छातीठोकपणे सांगू नये.

बाजार खरा बोलतो तो जुन्नरभोवतीच्या डोंगरांत. तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री मिळून दोनशेहून अधिक खोदकामं आहेत. लेण्याद्रीचं चैत्यगृह म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह, लेखातल्या शब्दांत ‘चेतियघर’, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त यानं दिलं. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा. म्हणजे घाटाखालच्या बंदराचा पैसा घाटावर आला. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे व्यावसायिकांच्या संघानं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेण्यांकडे ठेवी ठेवलेल्या दिसतात. आजच्या भाषेत मुद्दल पेठेत, व्याज भिक्षूंना. इरिल नावाच्या यवनाचं, म्हणजे त्या काळच्या अर्थानं ग्रीकाचं, दान ‘बे पोढियो’, म्हणजे पाण्याची दोन टाकी. पाढ्यातलं आपलं ‘बे एके बे’ तिथं दगडावर बसलंय! मानमोडीला नहपान या क्षत्रपाचा, म्हणजे शक राजाचा, अमात्य अयम यानं मंडप आणि पोढी करवली, वर्ष ४६. हा आकडा शक संवताचा धरला तर इसवी सन १२४ येतं, नहपानाच्या राज्यवर्षाचा धरला तर गणित बदलतं. विद्वानांचं त्यावर अजून एकमत नाही.

लेख पाहायचे तर सकाळी किंवा कलत्या उन्हात जा. तिरपा उजेड पडला की अक्षरं उठून दिसतात, भर दुपारी सगळी भिंत सपाट वाटते. खडूनं अक्षरं कधीही भरू नयेत. भरणारा आपल्या समजुतीप्रमाणे भरतो, एखादी काना-वेलांटी चुकते आणि पुढचा माणूस फोटोवरून तीच चूक वाचतो. शिवाय खडू घासून काढताना झिजलेला दगड आणखी झिजतो.

मधला काळ झरझर घेतो. १४९० मध्ये मलिक अहमदनं निजामशाहीची सुरुवात जुन्नरहून केली, पण १४९४ मध्ये अहमदनगर वसवलं आणि राजधानी तिकडे गेली. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी जुन्नरवर छापा घातला. तीन लाख होन आणि दोनशे घोडे मिळाले, असं इतिहासकार सांगतात. मोगलांचं ठाणं असलं तरी पेठेत पैसा होता, हाच त्याचा अर्थ.

पुढं नाव झालं ते जुन्नरी कागदाचं. पेशवाईत तो दप्तरात वापरला जाई. हातकागदाची रीत अशी: चिंध्या, जुनी तागाची पोती भिजवायची, चुन्यात मुरवायची, कुटायची, नदीवर धुवायची. मग हौदातल्या लगद्यातून चाळणीवर ताव उचलायचा, वाळवून खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. चुना नीट धुतला गेला नाही तर कागद ठिसूळ होतो, खळ कमी पडली तर शाई फुटते. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर एवढ्या खटाटोपाला भाव कोण देणार?

वाटही हातची गेली. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे चढली, १८६५ मध्ये थळघाटातून. नाणेघाट बरोबर दोहोंच्या मध्ये राहिला. ज्या मालाला दोन मुक्काम लागत तो डब्यात बसून पुण्याकडून किंवा इगतपुरीकडून जाऊ लागला. नंतर पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव फोफावलं. आज कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावरचा टोमॅटो तिथल्या बाजारात उतरतो, तमाशाच्या सुपाऱ्याही तिथंच ठरतात. तहसील कचेरी मात्र जुन्नरला. सातबाऱ्याच्या दुरुस्तीला जुन्नर, माल विकायला नारायणगाव, अशी तालुक्यातल्या शेतकऱ्याची फेरी असते.